शंभर वर्षं टिकणारी डिस्क

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या सभागृहात केलेले भाषण. बोलताना झालेले फाटे थोडे छाटले आहेत, सगळे नाहीत.)



संयोजकांनी मला विषय दिला, ‘घरातल्या व्हिडिओ डिस्क कॉम्प्युटरवर कशा उतरवायच्या’. काल कुणी आरोग्यावर बोललं, कुणी निवृत्तीनंतरच्या गुंतवणुकीवर बोललं. त्या मानाने माझा विषय फारच किरकोळ वाटेल. पण मी भाषण द्यायला आलेलो नाही. कबुली द्यायला आलोय.

या सभागृहात बसलेल्यांपैकी निदान पंधरा जणांच्या लग्नाचं शूटिंग मी केलंय. बारशी, मुंजी, साठीशांत, वास्तुशांत वेगळ्या. कॅसेटचा जमाना होता तेव्हा मी तुम्हाला कॅसेट दिली. मग २००३-०४च्या सुमारास डिस्क आली, तेव्हा मीच तुमच्या घरी येऊन सांगितलं की कॅसेटला बुरशी लागते, ती टाकून द्या, मी डिस्क करून देतो, शंभर वर्षं टिकेल. पाकिटावर तसं छापलेलंच होतं. मी ते वाचलं, विश्वास ठेवला, आणि तुमच्याकडून डिस्कमागे पैसे घेतले. तुमच्यातल्या काहींनी माझं ऐकून कॅसेटी टाकूनही दिल्या.

तर पहिली गोष्ट ही, की ते शंभर वर्षांचं मी मागे घेतो. वीससुद्धा धड होत नाहीयेत.

दुसरी गोष्ट अशी. तुमच्यातल्या पुष्कळांचा समज आहे की डिस्क खराब झाली तर काय, मूळ कॅसेट याच्या दुकानात असणार. असायची. २००५च्या पुरात माझ्या दुकानात कमरेएवढं पाणी आलं होतं. तेव्हापासून मी शहाणा झालो आणि सगळ्या मूळ टेप, दोन हार्ड डिस्का, हिशोबाच्या वह्या, सगळं कमरेच्या वर, छातीच्या उंचीच्या फळीवर ठेवायला लागलो. चिपळूणच्या माणसाला पुराची उंची पाठ असते, पण ती मागच्या पुराची असते. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, ते माझ्या फळीच्या वर दीड हात गेलं. चौथ्या दिवशी शटर उघडलं तेव्हा आत गुडघाभर चिखल, आणि त्यात दोन हजारांच्या वर टेपा. टेपेच्या रिळात तो गाळ शिरला की तो खरकागदासारखा होतो. मशीनमध्ये घातली तर टेपही जाते आणि मशीनचं हेडही. मी त्या ट्रॅक्टरभर टेपा नगरपालिकेच्या ढिगावर नेऊन टाकल्या. तुमची लग्नं त्यात होती. तेव्हा कुणाला सांगायचं धैर्य झालं नाही. आज सांगतोय.

म्हणजे तुमच्या घरात कपाटात, टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये, देवघराच्या मागे जी डिस्क आहे, ती आता प्रत राहिलेली नाही. तीच मूळ आहे.

हे माझ्या डोक्यात शिरलं ते या मेळाव्याच्या निमित्ताने. जूनमध्ये संयोजकांचा फोन आला. डिसेंबर २००६मध्ये आपण मराठीच्या बाईंचा सत्कार केला होता, त्या निवृत्त झाल्या तेव्हा. याच सभागृहात. त्याचं शूटिंग मी केलं होतं, आणि चाळीस डीव्हीडी काढून सगळ्यांना वाटल्या होत्या. बाई आता नाहीत. तर त्यांचं भाषण या वेळी पडद्यावर दाखवू या, तुझ्याकडे मूळ असेलच, असं ते म्हणाले. मी “बघतो” म्हटलं आणि फोन ठेवला. माझ्याकडे माझी स्वतःची डिस्कसुद्धा नव्हती. चाळिसाव्या नंबरची ती दुकानातच होती.

मग मी तुमच्याकडे मागायला सुरुवात केली. ग्रुपवर मेसेज टाकला. एकूण नऊ डिस्का आल्या, चाळिसांपैकी नऊ. त्यांची हकिकत सांगण्यासारखी आहे. एक आली ती मधोमध भोक पाडून, दोरी ओवून, म्हणजे मुळात भोक असतंच हे त्या सद्गृहस्थाच्या लक्षात आलं नसावं. ती त्याच्या कलमी आंब्यावर माकडं आणि पाखरं घाबरावीत म्हणून दोन हंगाम टांगलेली होती. एक पाकिटात होती, पण पाकिटावर ‘बाईंचा सत्कार’ आणि आत एका सिनेमाची डिस्क. एकीवर मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचा स्टिकर चिकटवलेला. दोन पुण्याहून कुरिअरने आल्या, त्यातली एक वाटेत चिरली. उरलेल्या चारांपैकी एक ड्राइव्हमध्ये घातली की नुसती घरघर करायची, कॉम्प्युटर म्हणायचा, ट्रे रिकामा आहे.

तीन उरल्या. तिन्ही सुरू व्हायच्या. प्रार्थना, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, मुख्याध्यापकांचं भाषण, आपल्यातल्या दोघांची लांबलेली मनोगतं, सगळं व्यवस्थित. आणि बाई बोलायला उभ्या राहिल्या की थोड्या वेळाने चित्राच्या चौकटी चौकटी व्हायच्या, आवाज तुटायचा, आणि डिस्क थांबायची. तिन्ही. तिथेच.

मला आधी वाटलं, हा योगायोग. तो योगायोग नव्हता. डिस्क ग्रामोफोनच्या तबकडीच्या उलट चालते. तबकडी बाहेरून आत वाजते, डिस्क आतून बाहेर वाचली जाते. कार्यक्रमाची सुरुवात मधल्या भोकाजवळ असते आणि शेवट अगदी कडेला. आपण डिस्क धरतो कडेला. बोटांचे ठसे तिथे, पाऊचमधून काढताना घासते ती कड. आणि डीव्हीडी ही मुळात प्लास्टिकच्या दोन पातळ चकत्या एकमेकींना चिकटवून केलेली असते, त्यांच्यामध्ये माहितीचा थर. कोकणातली दमट हवा शिरते ती कडेच्या जोडातून. आणि आपल्याकडे कार्यक्रमात सगळ्यात मोठ्या माणसाला बोलायला शेवटी देतात. म्हणजे सत्कारमूर्ती नेमकी कडेला येते. तुमच्या घरच्या डिस्कांवरही तसंच असणार. लग्नाच्या डिस्कवर गणेशपूजन शाबूत असेल आणि पाठवणी गेलेली असेल.

आता त्या भाषणात बाईंनी काय केलं होतं ते ज्यांना आठवतं त्यांना आठवतं. भाषण संपवताना त्या म्हणाल्या, बसा सगळे, मी हजेरी घेते. आणि हातात काहीही नसताना त्यांनी ‘ब’ तुकडीची बावन्न नावं, १९८८च्या हजेरीपटाच्या क्रमाने, आडनावासकट घेतली. दहावी होऊन अठरा वर्षं झाली होती. मध्ये त्यांच्या हाताखालून अठरा वर्गांची पोरं गेली होती. आणि आपण चाळिशीकडे झुकलेली माणसं बाकावरून उठून “हजर बाई” म्हणत होतो. जे आले नव्हते त्यांच्या नावाला त्या थांबत होत्या आणि “गैरहजर” म्हणत होत्या, त्याच नाराजीने.

ते सगळं त्या कडेच्या तीन मिनिटांत होतं.

पहिली डिस्क उतरवली तेव्हा बाई म्हणतात, “मी हजेरी घेते,” आणि पुढे काही नाही. मी तुम्हाला थोडं तांत्रिक सांगतो, कंटाळू नका, कारण तुमच्या घरी हेच उपयोगी पडणार आहे. डीव्हीडीवरची माहिती बारीक बारीक तुकड्यांत असते. पूर्ण भरलेल्या डिस्कवर असे साधारण तेवीस लाख तुकडे. नेहमीच्या पद्धतीने डिस्क कॉपी करायला घेतली आणि त्यातला एक तुकडा वाचता आला नाही, की कॉम्प्युटर सगळं कामच सोडून देतो. पोळी एका जागी करपली म्हणून सगळी कणीक फेकून द्यावी, तसं. पण डीडीरेस्क्यू नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्राम आहे, लिनक्सवर चालतो. तो आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलून घेतो, अडलेल्या जागा सोडून पुढे जातो, मग परत परत मागे येऊन त्या जागा वाचून बघतो. आणि कुठली जागा मिळाली, कुठली नाही, याची एक वही ठेवतो. मला तो पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीने फोनवर बसून शिकवला. “बाबा, स्पेस दे. बाबा, तिथे डॅश नाही.” असं दोन संध्याकाळी चाललं.

पहिल्या डिस्कवर सुमारे एकसष्ट हजार तुकडे वाचता आले नाहीत. ऐकायला फार वाटतं, पण तेवीस लाखांत ते तीन टक्केसुद्धा नाही. वेळेच्या हिशोबात तीन मिनिटं. फक्त ती तीन मिनिटं कुठली, एवढाच प्रश्न.

माझी मुलगी तेव्हा म्हणाली, बाबा, या तिन्ही डिस्का एकाच फाइलवरून राइट केल्या होत्या का? मी म्हटलं हो, एकच इमेज, चाळीस वेळा. मग म्हणाली, सोपं आहे. तिन्ही डिस्का तुकड्याला तुकडा सारख्या आहेत. पहिल्या डिस्कची वही तशीच ठेवायची, दुसरी डिस्क ड्राइव्हमध्ये घालायची, आणि त्याला सांगायचं, फक्त राहिलेल्या जागा वाच. पहिली जिथे खराब आहे तिथेच दुसरी खराब असेल असं नाही.

दुसरी डिस्क सांगलीच्या एका मैत्रिणीकडची. ती घातली, रात्रभर ड्राइव्ह कुरकुरत राहिला. सकाळी एकसष्ट हजारांचे चार हजार तीनशे चार झाले होते. मी लावून बघितलं. हजेरी सुरू झाली. एक नंबर, दोन नंबर... तीस नंबरपर्यंत सगळे हजर. मग पडदा हिरवा झाला, आणि पुढचा आवाज एकदम पस्तिसाव्याचा. एकतीस ते चौतीस, चार नावं, तेरा सेकंद.

चौतीस नंबर कोण होता ते तुम्हाला माहीत आहे. तो २०२०च्या लॉकडाउनमध्ये गेला. आपल्यापैकी कुणालाही तेव्हा जाता आलं नाही. त्याच्या बायकोने मला मागेच विचारलं होतं, ह्यांचं बोलणं कुठे असेल का हो तुमच्याकडे. फोटो पुष्कळ आहेत, बोलणं नाही. लग्नाच्या डिस्कमध्ये तो दिसतो दीड तास, पण त्यावर मी सिनेमाची गाणी घातली होती. ही माझ्या धंद्याची दुसरी कबुली. तेव्हा गिऱ्हाइकाला गाणी हवी असायची आणि मलाही ती घातली की काम बरं झाल्यासारखं वाटायचं. वऱ्हाडाची कुजबुज, आजीने घेतलेला उखाणा, बाप मांडववाल्यावर ओरडतोय, हे सगळं मी ‘गोंगाट’ म्हणून बंद केलं. आज लोक माझ्याकडे येतात ते नेमका तो गोंगाट मागायला.

तिसरी डिस्क सरांची होती. गणिताच्या सरांची, ते इथे पुढच्या रांगेत बसलेत. सर, तुमच्या स्वभावाप्रमाणे तुमची डिस्क मूळ डबीत, डबीवर तारीख, आत सिलिका जेलची पुडी, आणि डबी लोखंडी कपाटात, उभी. तरीसुद्धा तिची कड गेली होती, कारण मी वापरलेली डिस्कच स्वस्तातली होती. पन्नास डिस्कांचा तो गोल डबा मी मुंबईहून घाऊक आणला होता. पण सरांच्या डिस्कची कड गेली होती ती वेगळ्या जागी. तिने चार हजार तीनशे चारांपैकी सोळा सोडून सगळे दिले. सोळा तुकडे म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. बेचाळिसाव्या नंबरच्या वेळी बाई पदर सावरतात तिथे चित्र जरा फुटतं. ते तसंच राहू दिलंय.

ते आज संध्याकाळी बघणार आहात, म्हणून मी अधिक सांगत नाही.

आता तुमच्या घरचं. आधी डिस्क हातात घेऊन बघायला शिका. मधलं भोक आणि कड धरून. खालची चकचकीत बाजू जांभळट किंवा निळसर-हिरवट दिसत असेल, तर ती घरी किंवा माझ्यासारख्याने राइट केलेली आहे. त्यात एक सेंद्रिय रंग असतो आणि लेझरने तो रंग भाजून माहिती लिहिलेली असते. कापडाचा रंग उन्हात विटतो तसाच हा विटतो. ऊन, उष्णता आणि दमटपणा हे तिचे तीन शत्रू, आणि आपण राहतो कुठे, तर कोकणात. डिस्क दिव्यासमोर धरून बघा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले, किंवा कडेला ढगाळ पट्टा दिसला, तर ती डिस्क आधी घ्या, बाकीच्या मागून.

तुमच्यातल्या ज्यांची लग्नं मी २०००-०५मध्ये सीडीवर दिली, त्यांची बहुधा व्हीसीडी असेल. ती कॉम्प्युटरवर उघडली की ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर दिसतो आणि त्यात ‘डॅट’ फाइली. त्या तशाच कॉपी करून घेतल्या तरी व्हीएलसी नावाचा प्लेअर त्या वाजवतो. तो नारिंगी-पांढरा रस्त्यावरचा शंकू. फ्रान्समधल्या कॉलेजच्या पोरांनी सुरू केलेला, फुकट आहे, बिनधास्त घ्या. पण व्हीसीडी ही डीव्हीडीपेक्षा नाजूक, हे लक्षात ठेवा. तिच्यात चुका दुरुस्त करण्याची जादाची सोय व्हिडिओच्या भागाला दिलेलीच नसते, जागा वाचवायला ती काढून टाकलेली असते. आणि सीडीचा चांदीचा थर वरच्या, नाव लिहायच्या बाजूला, नुसत्या लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. आपण खालच्या बाजूला जपतो आणि वरच्या बाजूवर बॉलपेनने ‘चि. सौ. कां.’ असं दाबून लिहितो. खालचा ओरखडा पुष्कळदा पुसता येतो. वरचा गेला तो गेला.

डीव्हीडी असेल तर ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर दिसेल. सोबत ‘ऑडिओ टीएस’ असेल, तो रिकामाच असतो, घाबरू नका, आवाज गेलेला नाही. आपल्या घरच्या डिस्कांना सिनेमाच्या डिस्कांसारखं कुलूप नसतं, त्यामुळे अख्खा फोल्डर उचलून हार्ड डिस्कवर टाकता येतो. अख्खा म्हणतोय मी. आपल्या एका मित्राने त्यातली पहिली मोठी फाइल तेवढी घेतली, डिस्क टाकून दिली, आणि मग मला फोन, की अरे, लग्न सप्तपदीच्या मध्येच संपतं. डीव्हीडीवर एक जीबीपेक्षा मोठी फाइल ठेवायची रीत नाही, म्हणून कार्यक्रम चार-पाच तुकड्यांत कापलेला असतो. बारक्या फाइलीही लागतात, कुठला तुकडा कशाला जोडायचा ते त्यांच्यात लिहिलेलं असतं. त्याहून बरं म्हणजे संपूर्ण डिस्कची एकच इमेज फाइल करणं, तिला आयएसओ म्हणतात. विंडोजवर इमेजबर्न हा जुना, फुकट प्रोग्राम ते काम करतो. एक डिस्क, एक फाइल, चार-साडेचार जीबी. व्हीएलसी तीही सरळ वाजवतो, मेनूसकट. माझ्या मेनूवरची ती उडणारी फुलपाखरंसुद्धा येतात, त्याबद्दल क्षमस्व.

नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो. यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह घ्या, दीड-दोन हजारांच्या आत मिळतो. तिघा-चौघांत एक घेतला तरी चालेल. चांगली डिस्क दहा-पंधरा मिनिटांत उतरते. अडली तर लगेच हार मानू नका. एका ड्राइव्हला न वाचता येणारी डिस्क दुसरा ड्राइव्ह वाचतो, हे मी शेकडो वेळा बघितलंय. आधी पुसून घ्या. मऊ सुती कापड, किंचित ओलं, आणि मधून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल नाही. गोल पुसताना ओरखडा उठला तर तो माहितीच्या वाटेनेच लांबच लांब जातो, आणि तेवढा सलग भाग हातचा जातो. टूथपेस्ट लावू नका. हे तुम्हाला इंटरनेटवर सापडेल, सापडलं तरी लावू नका. वर कागदी स्टिकर असेल तर तो ओढून काढायलाही जाऊ नका.

पुरात भिजलेल्या डिस्का अजून कुणाकडे पिशवीत बांधून ठेवलेल्या असतील तर त्या टाकू नका. टेपेपेक्षा डिस्क चिवट निघते. स्वच्छ पाण्याखाली धरून गाळ वाहू द्या, बोटाने चोळू नका, भांड्याच्या साबणाचा एक थेंब चालेल, मग उभी करून सावलीत वाळवा. माझ्याच चिखलातून निघालेल्या साठ-सत्तर डिस्कांतल्या निम्म्या अशा वाचल्या.

आणखी एक जात आहे. परदेशातून पाहुण्यांनी आणलेले छोट्या डिस्कचे कॅमेरे आठवतात? तळहातावर मावणारी डिस्क, अर्धा तास चालायची. ती कॅमेऱ्यात ‘फायनलाइज’ केलेली नसेल तर कॉम्प्युटरला कोरी दिसते. कोरी दिसली म्हणून टाकू नका. कॅमेरा शोधा, चार्जर शोधा, त्याच कॅमेऱ्यात घालून फायनलाइज करा. अमेरिकेत असलेल्या आपल्या मैत्रिणीच्या वडिलांचं पंचाहत्तरीचं चित्रण असंच ‘कोऱ्या’ डिस्कवर होतं.

उतरवून झालं की बघायचं कसं. आयएसओ टीव्हीवर थेट चालत नाही बहुतेक वेळा. त्यासाठी हँडब्रेक नावाच्या प्रोग्रामने एमपीफोर फाइल करा, तासाला साधारण एक जीबीच्या आसपास होते, ती पेन ड्राइव्हवर घालून टीव्हीच्या मागे लावा. दोन गोष्टी बघा. जुन्या कॅमेऱ्याचं चित्र एक सोडून एक ओळीत काढलेलं असतं, त्यामुळे कॉम्प्युटरवर माणूस हलला की त्याच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. हँडब्रेकमध्ये ‘डीइंटरलेस’ अशी सोय आहे, ती चालू ठेवा. दुसरं, चित्राची मूळ चौकोनी ठेवण ताणून टीव्हीभर करू नका. आपण तेव्हा बारीक होतो, तेवढा पुरावा तरी बिघडवू नका. टीव्हीने पेन ड्राइव्ह ओळखला पण मोठी फाइल घेत नसेल तर तो ड्राइव्ह जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो, त्यावर चार जीबीच्या वरची फाइल राहत नाही. पेन ड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅट करा.

पण एमपीफोर झाली म्हणून आयएसओ पुसू नका, ही माझी कळकळीची विनंती. एमपीफोर म्हणजे लोणचं बरणीतून वाटीत काढून घेतलं तसं. बरणी राहू दे. आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ म्हणजे बॅकअप नव्हे. तो वाटेत चिंबून जातो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

शंभर डिस्कांना साडेचारशे जीबी लागतात. एक टीबीच्या हार्ड डिस्कमध्ये तुमचं सगळं खानदान मावून वर जागा उरते. अशा दोन घ्या. एकाच कपाटात ठेवायच्या असतील तर दुसरी घेऊ नका, पैसे वाया जातील. एक घरी, दुसरी पुण्यात मुलाकडे, बहिणीकडे, कुठेही, पण वाशिष्ठीच्या पाण्याला पोचता येणार नाही अशा जागी. माझी दुसरी प्रत त्याच दुकानात, त्याच फळीवर, पहिलीला टेकून होती. वर्षातून एकदा, दसऱ्याला हत्यारं पुसतो तेव्हा, दोन्ही लावून बघा. हार्ड डिस्कही अमर नाही. तिचं आयुष्य किती ते मी या वेळी सांगत नाही, एकदा सांगून चुकलोय.

फाइलीला नाव द्या. ‘न्यू फोल्डर टू’ मध्ये आजी शोधायची पाळी येऊ देऊ नका. साल आधी, मग प्रसंग, मग गाव. आणि त्यात कोण कोण आहे ते एका कागदावर, ज्यांना ओळखता येतं ती माणसं आहेत तोवर, लिहून घ्या. माझ्या आईसोबत मी माझ्या मुंजीची डिस्क बघितली, एका वाटीत बोटं बुडवून चेहरे दाखवत तिने चौदा नावं सांगितली. त्यातली नऊ मला माहीत नव्हती. मुंज माझी.

आणि कुणाकडे अजून कॅसेट असेल, माझं न ऐकता ठेवलेली, तर तिला धन्यवाद द्या आणि ती आधी काढा. डिस्क ही त्या कॅसेटची नक्कल, तीही मी घाईत केलेली. कॅसेटवरून पुन्हा उतरवलं तर चित्र अधिक चांगलं मिळतं. जगातल्या शेवटच्या कारखान्याने व्हीसीआर बनवणं २०१६मध्ये बंद केलं, त्यामुळे आता जी चालू मशीन्स आहेत तेवढीच. माझ्याकडे एक आहे, हेड नीट आहे.

बाहेर व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीशेजारी, टेबलावर मी लॅपटॉप आणि तीन ड्राइव्ह मांडून ठेवलेत. उद्या दुपारच्या जेवणापर्यंत आहे. ज्यांनी डिस्का आणल्या असतील त्यांनी पाकिटावर हजेरी नंबर घालून द्या, मी आयएसओ करून देतो. पैसे नाहीत, ते तुम्ही २००४मध्येच दिलेत. ज्यांच्या डिस्का घरी आहेत आणि ज्यांची लग्नं मी काढली, त्यांनी मला फक्त तारीख सांगून ठेवा. एकाच लग्नाच्या दोन-तीन डिस्का माहेरी, सासरी, मामाकडे दिलेल्या असतात. त्या एकाच इमेजवरून काढलेल्या आहेत. एकीत जे गेलंय ते दुसरीत असू शकतं, तेव्हा सासरच्यांशी बोलणं बंद असलं तरी डिस्क तेवढी मागून घ्या.

चहा आलेला दिसतोय. सर, तुमची डिस्क परत आणलीय, त्याच डबीत. सिलिका जेलची पुडी नवी घातली आहे.